ठराव झाला, पण नाली कुठे आहे?

नगरपालिकेचा कारभार कसा चालतो आणि त्यात आपण कुठे असतो

पावसाळा तोंडावर आला की आमच्या वस्तीतल्या बाया आभाळाकडे नंतर पाहतात, आधी नालीकडे पाहतात. वरच्या गल्ल्यांचे सांडपाणी उतरून येते आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी थांबते, कारण पुढे पक्की नालीच नाही. मोठा पाऊस झाला की ते पाणी उंबरा ओलांडते. पिठाचे डबे पलंगावर, पलंग विटांवर आणि लेकरे शेजारच्या स्लॅबच्या घरात, असा दरवर्षीचा रिवाज.

दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा बाया मिळून नगरपालिकेत गेलो. टेबलावरच्या बाबूने फायलीतून मान वर न काढता सांगितले, "बाई, तुमच्या नालीचा ठराव झालेला आहे. निधी आला की काम होईल." आम्ही समाधानाने परत आलो. ठराव झाला म्हणजे काम झालेच, असे आम्हाला वाटले!

पाऊस आला आणि पाणी घरात शिरले. तेव्हा वस्तीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "ठराव झालाय म्हणतात ना, मग तो ठराव आपण पाहिलाय का?" कोणीच पाहिला नव्हता. तिने दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महिन्याने ठरावाची प्रत हाती आली. ठराव खरोखरच झालेला होता, पण कित्येक वर्षांपूर्वीचा. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे काम हाती घ्यावे. किती पैसे, कोणत्या खात्यातून, केव्हापर्यंत आणि कोणी, यातले काहीही त्यात नव्हते.

गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. हा प्रकार एका गावचा नाही. वाचकांनी आपापल्या वस्तीकडे पाहिले तर असा एखादा ठराव तिथेही निजलेला सापडेल.

महाडची आठवण

ठराव कागदावर आणि पाणी दुसऱ्याच्या ताब्यात, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. आपल्या चळवळीचा एक मोठा लढा नगरपालिकेच्या ठरावापासूनच सुरू झाला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. ते बाबासाहेबांचे सहकारी होते. म्हणजे वरचा ठराव झाला, खालचाही ठराव झाला आणि अध्यक्षही आपल्या बाजूचा होता. तरीसुद्धा तीन वर्षे अस्पृश्यांपैकी कोणाला त्या तळ्याचे ओंजळभर पाणी घेता आले नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला जीव आला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे तळे खासगी असल्याचा दावा करून काही जण न्यायालयात गेले. तो खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

सत्याग्रहाचा अर्थ आपण दरवर्षी २० मार्चला सांगतोच. पण त्यातला नगरपालिकेचा धडा सहसा सांगितला जात नाही. सभागृहात बहुमताने हात वर झाले म्हणून हक्क घरी चालत येत नाही. आज केलेला ठराव उद्या तेच सभागृह फिरवू शकते. म्हणून ठराव कसा होतो, तो कोण अमलात आणतो आणि तो कुठे अडतो, हे वस्तीतल्या माणसाला माहीत असलेच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याचे चित्र

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. त्यांपैकी हिंगोली, वसमत आणि कळमनुरी येथे नगरपरिषद आहे, तर औंढा नागनाथ आणि सेनगाव येथे नगरपंचायत. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५ हजारांच्या आसपास होती आणि वसमतची ६९ हजारांच्या आसपास. या सर्व संस्था चालतात त्या १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने. आपण बोलताना 'नगरपालिका' म्हणतो, कायदा 'नगरपरिषद' म्हणतो, दोन्ही एकच.

या कायद्याच्याही वर संविधान आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले आणि १ जून १९९३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. तिने बारावे परिशिष्ट जोडले आणि त्यात नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिले. पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता, अग्निशमन, स्मशानभूमी हे विषय त्यात आहेतच. शिवाय गलिच्छ वस्त्यांची सुधारणा, नागरी दारिद्र्य कमी करणे आणि समाजातील दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. नाली मागताना आपण कोणाकडे उपकार मागत नसतो, हे आधी मनात पक्के करावे.

कोणाच्या हाती काय?

आपण सगळ्यांनाच सरसकट 'नगरपालिकावाले' म्हणतो. पण आत दोन वेगळी माणसे आहेत: एक आपण निवडून दिलेली आणि दुसरी सरकारने नेमलेली.

निवडून दिलेल्यांत अध्यक्ष आणि सदस्य, म्हणजे नगरसेवक येतात. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडून जातात. म्हणून मतदाराने दोन मते सदस्यांसाठी आणि एक मत अध्यक्षासाठी अशी तीन मते द्यायची असतात. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकी एक सदस्य असतो. तिथे मते दोन. वस्तीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी एकच बटण दाबून घरची वाट धरली, असे आपण ऐकतो. आपली उरलेली मते वाया जाऊ नयेत, एवढे तरी घरात शिकवावे.

अध्यक्ष कसा निवडायचा, याबाबत आपल्या राज्याने अनेकदा मत बदलले. २००१ मध्ये जनतेतून थेट निवड सुरू झाली, २००६ मध्ये ती बंद झाली. २०१६ मध्ये पुन्हा थेट निवड आली, २०२० मध्ये ती पुन्हा नगरसेवकांकडे गेली आणि २०२२ मध्ये परत जनतेकडे आली. थेट निवडीत अध्यक्ष साऱ्या शहराला उत्तर देतो, हे खरे. पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असेही होते. मग दोघांच्या ओढाताणीत लोकांची कामे अडकतात.

सरकारने नेमलेला माणूस म्हणजे मुख्याधिकारी. तो राज्य सरकारचा अधिकारी असतो, नगरसेवकांनी ठेवलेला नोकर नव्हे. सभागृहाने ठरवायचे आणि मुख्याधिकाऱ्याने करायचे, ही कायद्याची मूळ रचना. फाईल, निविदा, कर्मचारी, परवाने हे सारे त्याच्या हाताखाली चालते. अध्यक्ष सभा चालवतो, कारभारावर देखरेख ठेवतो आणि समसमान मते पडली तर निर्णायक मत देतो.

या दोघांच्या वर जिल्हाधिकारी आहेत. सभागृहाचा ठराव बेकायदा वाटला तर जिल्हाधिकारी कायद्याच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. "आमच्या ठरावावर तीनशे आठ लागले" असे नगरसेवक बोलतात ते याच कलमाविषयी.

कामे वाटून घेण्यासाठी विषय समित्या असतात. बांधकाम, पाणीपुरवठा, स्वच्छता व आरोग्य, शिक्षण, नियोजन, महिला व बालकल्याण अशी त्यांची विभागणी असते. त्यांचे सभापती दरवर्षी नव्याने निवडतात. स्थायी समितीचे अध्यक्षपद नगराध्यक्षाकडे असते. शिवाय काही स्वीकृत सदस्य घेतले जातात. ते सभेत बोलू शकतात, पण त्यांना मतदानाचा हक्क नसतो.

पैसा कुठून येतो?

घरपट्टी, नळपट्टी, बाजारातील गाळ्यांचे भाडे, बांधकाम परवान्याचे शुल्क ही नगरपालिकेची स्वतःची कमाई. एकेकाळी जकात हा मोठा आधार होता. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारचे सहाय्यक अनुदान आले. त्या दिवसापासून लहान शहरांच्या नगरपालिका सरकारच्या तोंडाकडे पाहू लागल्या, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पगार अनुदानावर, रस्ते योजनेवर आणि मोठी पाणी योजना तर केंद्र-राज्याच्या पैशाशिवाय होतच नाही.

आपल्या वस्त्यांसाठी वेगळे खातेही आहे. पूर्वीची नागरी दलित वस्ती सुधार योजना आता लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने चालते. तिच्यातून रस्ता, नाली, दिवे, समाजमंदिर अशी कामे घेता येतात. प्रस्ताव नगरपालिकेने पाठवायचा आणि मंजुरी जिल्हा पातळीवर मिळवायची. घरासाठी रमाई आवास योजना आहे आणि शहरात तिचा अर्ज नगरपालिकेतच द्यायचा असतो. याशिवाय नगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकात दुर्बल घटकांसाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम ठेवावी, असे शासनाचे आदेश आहेत.

अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास सभागृहापुढे येते. घरात लग्न काढले की आपण आधी खर्चाची यादी करतो. यादीत जे नाही ते ऐनवेळी येत नाही. तसेच हे आहे. आपली नाली फेब्रुवारीच्या यादीत नसेल, तर जूनमध्ये ओरडून ती यायची कशी?

एका नालीचा प्रवास

आता नालीच्याच मागे चालत जाऊ. वस्तीने अर्ज दिला आणि आवक विभागात नोंद झाली. अभियंता जागा पाहून मोजमाप घेतो आणि खर्चाचे अंदाजपत्रक करतो. मग हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर यावा लागतो. सर्वसाधारण सभेची नोटीस सदस्यांना सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि विषयपत्रिकेवर जे नाही त्यावर निर्णय होऊ नये, असा नियम. विषय आला, चर्चा झाली आणि ठराव मंजूर झाला.

आपण इथेच टाळ्या वाजवून घरी जातो. खरा प्रवास तर इथून पुढे आहे. ठरावानंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, मग ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. काम झाले की मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि त्या नोंदीवर देयक. यातल्या कोणत्याही पायरीवर फाईल बसू शकते. काम अर्धे होते आणि नोंद पुरी होते, असेही घडते. म्हणून "ठराव झाला का?" एवढेच विचारून भागत नाही. "मान्यता कोणत्या तारखेची? कार्यारंभ आदेश कोणाच्या नावे? लांबी किती मीटर?" असे विचारावे लागते. असे विचारणारी बाई पुढे उभी राहिली की टेबलामागचा माणूस मान वर करून बोलतो, हा आमचा अनुभव.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नगरपरिषदेच्या सभा नागरिकांना खुल्या असतात. काही कारणाने एखादी चर्चा बंद दाराआड घेता येते, पण तो अपवाद. मागे बसून ऐकायला कोणाची ओळख लागत नाही. बोलता येणार नाही, पण आपला नगरसेवक आपल्या विषयावर तोंड उघडतो की चहा पितो, एवढे तर दिसते! सभा बोलावलीच जात नसेल, तर किमान एक-चतुर्थांश सदस्य लेखी मागणी करून विशेष सभा मागू शकतात. आपल्या नगरसेवकाला हे ठाऊक नसेल, तर आपण सांगावे.

रिकाम्या खुर्च्यांची वर्षे

आमच्या नालीची फाईल निजली त्याला आणखी एक कारण होते. ज्यांना जाब विचारायचा, ते त्या वर्षांत तिथे नव्हतेच.

संविधान सांगते, नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्यापुढे नाही. आणि मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्या राज्यात २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या प्रारंभी बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. पाच वर्षांनी त्यांची मुदत संपली, पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचना आणि न्यायालयीन वाद यांत पुढची निवडणूक अडकली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घेण्याचे आदेश दिले, डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचे मतदान झाले आणि २१ डिसेंबर रोजी निकाल लागले.

मधल्या जवळजवळ चार वर्षांत कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक वाईटच असतो असे नाही. काही ठिकाणी कामे भराभर झालीही. पण प्रशासक मते मागायला वस्तीत येत नाही. त्याची बदली होते. चार वर्षांत सभा नाही, चर्चा नाही आणि विरोधी बाकावरचा आवाजही नाही. ज्याच्या घरी मोटार आहे त्याला साहेब भेटत होते. हातगाडीवाल्याला, हमालाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र आपला वाटणारा एक नगरसेवक असतो, तोही राहिला नव्हता. लोकप्रतिनिधी नसला म्हणजे काय होते, ते गरिबाला आधी कळते.

सातासमुद्रापलीकडचे एक शहर

आता थोडे दूर पाहू. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ग्वेल्फ नावाचे शहर आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ४४ हजार लोक होते. शहराचे सहा प्रभाग, प्रत्येक प्रभागातून दोन असे बारा नगरसेवक आणि साऱ्या शहराने निवडलेला एक महापौर. म्हणजे सांगाडा पुष्कळसा आपल्या नगरपरिषदेसारखाच!

फरक आतल्या गोष्टींत आहेत. तिथे नगर निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात. माणूस आपल्या नावावर उभा राहतो. मुदत चार वर्षे आणि निवडणूक ठरलेल्या वर्षी, ठरलेल्या महिन्यात होते. शहराचा मुख्य अधिकारी परंपरेने नगरसभाच नेमते, म्हणून तो नगरसभेला जबाबदार असतो. अलीकडे प्रांताच्या कायद्याने अनेक शहरांच्या महापौरांना त्या नेमणुकीसह जास्तीचे अधिकार दिले आहेत आणि त्यावर तिथे वादही आहे. सर्वसाधारण नागरिकाने आधी नाव नोंदवले, तर विषयपत्रिकेवरील बाबीवर सभागृहापुढे उभे राहून तो पाच मिनिटे बोलू शकतो. आपल्याकडे गावाला ग्रामसभा आहे, तिथे गावकरी उभा राहून बोलू शकतो. तोच माणूस शहरात राहायला आला की मागच्या बाकावर बसून ऐकणारा होतो. ही पाच मिनिटे आपणही मागावीत अशी आहेत.

पण परदेशातले सारेच सोन्याचे नसते. कॅनडाच्या संविधानात शहरांना स्वतंत्र स्थान नाही. प्रांत सरकार ठरवील तसे त्यांना राहावे लागते. आणि २०२२ मध्ये ऑन्टॅरिओच्या नगर निवडणुकांत निम्म्याहून जास्त मतदार मतदानाला गेलेच नाहीत. आपली नगरपालिका संविधानात आहे आणि आपला गरीब माणूस उन्हात रांग लावून मत देतो. त्यांच्याकडे वेळेवर निवडणूक आणि बोलायची पाच मिनिटे आहेत. आपल्याकडे संविधानाचे कवच आणि मतदानाची हौस आहे. दोन्ही एका ठिकाणी आले तर किती बरे होईल!

राखीव जागा आणि बाईची सही

१९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता. स्थानिक सत्ता गावातल्या बहुसंख्यांच्या हाती गेली आणि आपल्याला तिच्यात जागा नसली, तर ती सत्ता आपल्यावरच चालेल, हे त्यांनी ओळखले होते. आज अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. दोन सदस्यांच्या प्रभागात एक तरी बाई असतेच.

पण पुष्कळ ठिकाणी नाव बाईचे, सही बाईची आणि सभेबाहेर उभा राहून फोन करणारा नवरा! कायद्यात 'नगरसेविकेचा पती' असे कोणतेही पद नाही. अशी बाई अडाणी असते म्हणून गप्प बसते, असे मला वाटत नाही. विषयपत्रिका तिच्या हाती दिली जात नाही, म्हणून ती गप्प बसते. वस्तीतल्या शिकलेल्या मुलींनी सभेच्या आदल्या रात्री तिच्याजवळ बसून विषय वाचून दाखवले, तर तीच बाई दुसऱ्या दिवशी बोलेल.

नगरसेवकावरही बंधने आहेत, ती माहीत असावीत. नगरपालिकेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध ठेवणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. कराची थकबाकी मागणी होऊनही न भरणाराही अपात्र ठरू शकतो. राखीव जागेवर निवडून आलेल्याने मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर त्याची निवड जाते. आपल्या हक्काच्या जागेवर खोट्या दाखल्याने कोणी बसले असेल, तर गप्प राहणे हा शहाणपणा नव्हे.

घरातून काय करता येईल?

मोर्चा, धरणे, निवेदन ही आपली हत्यारे आहेतच. पण त्यांच्या आधी घरातल्या घरात करण्यासारखी चार कामे आहेत.

पहिले, घरपट्टी-नळपट्टीच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवा. "तुम्ही कर भरता का?" हा टोमणा बंद करायला ती पिशवी पुरते.

दुसरे, अर्ज तोंडी देऊ नका. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेला निरोप.

तिसरे, ठरावाची प्रत मागा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. दिले नाही तर अपील करता येते. जन्म-मृत्यूच्या दाखल्यासारख्या कामांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. किती दिवसांत दाखला मिळायचा, ती मुदत ठरलेली असते.

चौथे, विहारात वंदना झाल्यावर महिन्यातून एक दिवस अर्धा तास नगरपालिकेसाठी ठेवा. मुलांपैकी एकाने विषयपत्रिका मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. आपल्या वस्तीचे नाव तिच्यात आहे का, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ झाले.

आमच्या नालीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. ठरावाची प्रत घेऊन आम्ही पुन्हा गेलो आणि दर पंधरा दिवसांनी जात राहिलो. नवे अंदाजपत्रक झाले, मान्यता आली, काम सुरू झाले. नाली झाली, पण अर्धीच. विहिरीपासून कोपऱ्यापर्यंत पक्की, आणि कोपऱ्यापासून खाली जी सात घरे आहेत त्यांच्यासमोर अजून मातीच. वरच्या बायांच्या घरी आता पाणी येत नाही. खालच्या सात घरांत येते. म्हणून अर्जावर सह्या अजूनही सगळ्या वस्तीच्या आहेत. ज्यांच्या दारात पक्की नाली झाली, त्यांच्याही.

नवे नगरसेवक निवडून आले आहेत. गुलाल उधळून झाला. आता पुढच्या सभेला आम्ही मागच्या बाकावर बसणार आहोत.